लुटुपुटीच्या फळाचं अत्तर

मालवणहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या लहानपणी आजोबांनी सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळांची टोपली आणली होती. आंबा, केळं, काजूचा बोंडू, सीताफळ, सगळं बोटभर. घराच्या माळ्यावर ती परत सापडली आणि तिच्यावरून एक फुला-फळांचं, खेळकर अत्तर करावं असं त्यांच्या मनात आलं. आंब्याचं इसेन्स, मोगऱ्याचं तेल, व्हॅनिला आणि थोडं चंदन असे सहा प्रयोग त्यांनी केले. सहाही वेळा घरच्यांनी एकच सांगितलं, की हा तर सरबत सांडल्याचा वास. त्या विचारतात, चुकतंय कुठे? आणि बाजारात ठेवायचं झालं तर काय सांभाळायचं?

ताई, मी तीस वर्षं मुंबईत सुगंधाची कंपाउंडं, म्हणजे सुगंधी द्रव्यांची मिश्रणं, बनवण्यात घालवली आणि आता वेंगुर्ल्याजवळ घरी छोट्या प्रमाणावर तेच करतो. तुमचा विषय इतका जिव्हाळ्याचा आहे की उत्तर लांबणार.

पहिलं काम असं करा. टोपलीतलं एक फळ घ्या, जमल्यास केळं. रंग शाबूत आहे त्या बाजूला वास फारसा लागणार नाही. बुडाशी किंवा टोकाला रंग उडून लाकूड उघडं पडलं असेल, ती जागा तळहातावर टेकवून दोन-तीन मिनिटं मूठ बंद ठेवा. मूठ उघडल्याबरोबर नाक लावा. माझ्याकडे आजीच्या ट्रंकेतलं एक केळं आहे, पिवळा रंग निम्मा गेलेला. त्याला आधी कोरड्या, किंचित पिठूळ लाकडाचा वास येतो. त्याखाली राळेसारखा मंद गोडवा आहे, तो लाखेचा आणि जुन्या रंगाचा. अगदी शेवटी सुक्या ओवळांचा, म्हणजे बकुळीच्या फुलांचा वास, कारण आजी लुगड्यांच्या घड्यांत ओवळांच्या माळा ठेवायची आणि केळं वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी पडून होतं. केळ्याचा वास त्यात कणभरही नाही. तरी ते हातात घेतलं की मला केळंच आठवतं.

तुमच्या सहा प्रयोगांचं उत्तर इथेच आहे. तुम्ही फळाचं अत्तर करत होतात, आणि टोपलीतलं फळ लुटुपुटीचं आहे. भातुकलीत ताटात वाढलेला आंबा कुणी खात नाही, खाल्ल्यासारखं करतं. अत्तरातल्या फळानेही तेवढंच करायचं असतं. तोंडाला पाणी सुटलं की खेळ मोडला आणि सरबत सुरू झालं. सगळ्या मिश्रणात माझा एकच आग्रह राहील: अंग लाकडाचं असू दे, फळ त्यावर रंगाच्या हातासारखं पातळ बसू दे, आणि रंग नि लाकूड यांना धरून ठेवायला मध्ये फूल असू दे.

इसेन्स बाजूला ठेवा. खाण्याची इसेन्स बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये केलेली असतात. हे ग्लायकॉल तेलात मिसळत नाही, त्यामुळे तेलाच्या बेसमध्ये तुमचं मिश्रण गढूळ होत असणार आणि तळाशी थेंब साचत असणार. वर त्यात रंग असेल तर कपड्यावर डाग. पण खरी अडचण वासाची आहे. ती इसेन्स साखर आणि दुधाच्या सोबतीने चांगली लागावीत म्हणून बांधलेली असतात. त्वचेवर ती सोबत मिळत नाही, म्हणून नुसता गोडवा उरतो आणि घामात मिसळला की तो आंबतो.

फळांचं अस्सल तेल काढून वापरावं, असंही पुष्कळांच्या डोक्यात येतं. लिंबू-संत्र्याच्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात, त्या दाबून तेल मिळतं. आंबा, बोंडू, केळं, करवंद यांच्या गरात मात्र पाणी आणि साखर भरलेली, सुगंधी द्रव्यं अगदी नाममात्र. भट्टीवर चढवलं तर शिजलेल्या रसाचा वास हाती लागतो. बाजारात फळाचं अत्तर म्हणून जे मिळतं ते माणसाने जुळवलेलं असतं. हे एकदा मान्य केलं की हात मोकळा होतो, कारण फळाचा कुठला भाग घ्यायचा हे आपण ठरवू शकतो.

हापूसचंच घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालेलं आहे. त्यात दोन घराणी स्पष्ट दिसतात. एक टर्पीनांचं, त्यात ऑसिमीन मोठं. हा हिरवा, पाल्यासारखा, थोडा तिखट वास. दुसरं लॅक्टोन आणि फ्युरॅनोनांचं, जे फळ पिकताना वाढतं आणि साखरेचा, सायीचा, पीचसारखा गोडवा देतं. तुमच्या इसेन्समध्ये हे दुसरं घराणं भरभरून असतं. मी उलट करतो. कैरीचा देठ खुडल्यावर चीक उडतो आणि हाताला जो झणझणीत हिरवा वास राहतो, तो मला आंब्याच्या बागेत नेतो. रसाची वाटी मला जेवणाच्या पाटावर नेते. मुलं खेळतात ती बागेत, म्हणून ऑसिमीन पुढे ठेवायचं आणि गॅमा-डेकालॅक्टोनचा नुसता हात लावायचा.

लाकडावर पातळ फळ ही कल्पना नवी नाही. गर्लाँ या फ्रेंच अत्तर-कंपनीने 1919 साली ‘मित्सुको’ बाजारात आणलं, त्यात गॅमा-अनडेकालॅक्टोन आहे, पीचच्या सालीचा वास देणारं. व्यापारात त्याला आजही ‘अल्डिहाइड सी-14’ म्हणतात, जरी ते अल्डिहाइड नाही. त्या अत्तरात पीच शेवाळ आणि लाकडावर साय धरावी तसं बसलंय. शंभर वर्षं झाली तरी कुणी त्याला सरबत म्हणत नाही. साखरेची लाट पुष्कळ नंतरची. 1992 च्या ‘एंजल’मध्ये इथाइल माल्टॉल ठसठशीत आलं, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास, आणि त्यानंतर फळांच्या कितीतरी अत्तरांत ते शिरलं. तुमच्या व्हॅनिलाबरोबर ते चुकूनही घालू नका.

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एक साधं, स्वस्त एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं रसायन, आहे. हुंगलं की कुणीही म्हणेल, केळं. हेच द्रव्य रंग आणि लॅकर पातळ करायला वापरायचे, आणि त्या धंद्यात त्याला ‘केळ्याचं तेल’च म्हणत. म्हणजे केळं आणि ताजा रंग एकाच रेणूत आहेत. त्याच्या शेजारी बेंझाइल अ‍ॅसिटेट ठेवा. जाई-चमेली-मोगऱ्याच्या सुगंधातला हा मोठा घटक. नुसता हुंगला तर फूल येतं, पण त्याच्या मागे केळ्याची आणि नेलपॉलिशची छटाही येते. त्याच्या पुढे हेडिओन, म्हणजे मिथाइल डायहायड्रोजास्मोनेट. डिऑरच्या ‘ओ सोव्हाज’मध्ये 1966 साली ते पहिल्यांदा गाजलं. त्याचा वास फुलाचाच, पण पहाटेच्या हवेतल्या फुलाचा, अंगावर न येणारा.

आता तीन कागदी पट्ट्या घ्या. पहिलीवर आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचं 1 टक्का द्रावण, दुसरीवर बेंझाइल अ‍ॅसिटेटचं 10 टक्के, तिसरीवर हेडिओन पातळ न करता. तिन्ही पंख्यासारख्या एकत्र धरून नाकासमोरून हळू फिरवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात चकचकीत रंगवलेलं केळं दिसेल. दोन-तीन मिनिटांत केळं विरेल आणि त्याच जागी फूल उभं राहील, आणि नेमकं कधी बदललं ते पकडता येणार नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला भिंगरी आठवली. रंगीत पट्टे असलेली भिंगरी फिरवली की पट्टे एकमेकांत मिसळून वेगळाच रंग होतो आणि मंदावली की पुन्हा सुटे दिसतात. अत्तर खेळकर झालं पाहिजे असं तुम्ही लिहिलंय. खेळकरपणा गोडव्याने येत नाही, या हालचालीने येतो. लावल्यावर दहा मिनिटांत काहीतरी कूस बदललं पाहिजे.

इथे एक सावधगिरी, आणि ती गमतीने घेऊ नका. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना धोक्याचा इशारा म्हणून जे रसायन सोडते, त्यात हेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट मुख्य असतं. प्रयोगाच्या दिवशी हात साबणाने धुतल्याशिवाय मधाच्या पेट्यांजवळ किंवा फुललेल्या सुरंगीखाली जाऊ नका.

सुरंगीचं नाव निघालंच आहे, तर फुलांकडे वळतो. मोगऱ्याचं जे तेल तुम्ही वापरलंत ते बहुधा तयार कंपाउंड असणार. त्यात काय आहे हे माहीत नसताना त्यावर बांधकाम करणं अवघड, शिवाय फळाशेजारी मोगरा जड होतो आणि सगळं लग्नाच्या मांडवात जाऊन बसतं. मुलीच्या टोपलीला मला सुरंगी शोभते. अबोली रंगाने कितीही आपली असली तरी तिला वास नाही, तिला बाटलीच्या लेबलावर जागा द्या.

सुरंगी आमच्या वेंगुर्ले तालुक्यात शिरोडा, आरवलीकडे भरपूर. मार्च-एप्रिलच्या सुमारास जुन्या फांद्यांना, अगदी खोडालगत, कळ्यांचे घोस लगडतात. फूल उमललं की माश्यांचा घोंगाट सुरू होतो आणि बाजाराच्या दृष्टीने माल गेला. म्हणून उजाडायच्या आत काढणी. झाडाखाली जुनी लुगडी नाहीतर जाळी पसरतात, वर चढलेला माणूस कळ्या खुडतो, आणि खाली बायका पाचोळा वेचून बाजूला करतात. त्या वेळी झाडाखाली उभं राहिलं की मध, हळद आणि ओल्या साली यांच्या मधला काहीतरी वास येतो, गोड असून कोरडा. केसांत माळायला वळेसर होतात, बाकीच्या कळ्या वाळवून सुगंधाच्या धंद्यासाठी विकल्या जातात. सुरंगीची खरी किंमत वाळल्यावर कळते. मोगरा दुसऱ्या दिवशी मान टाकतो, तसं हिचं आणि ओवळांचं नाही. वाळली तरी महिनेच्या महिने वास धरून ठेवते. ट्रंकेतल्या खेळण्याला दुसरं फूल कशाला हवं?

घरी करायला सोपी पद्धत टिंक्चरची, म्हणजे अल्कोहोलमध्ये मुरवलेल्या अर्काची. चांगल्या वाळलेल्या कळ्या एक भाग, 96 टक्के इथाइल अल्कोहोल पाच भाग, वजनाने. काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात तीन-चार आठवडे, दोन दिवसांआड हलवायचं. मग कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घ्यायचं. कळ्यांत ओल राहिली असेल तर टिंक्चर गढूळ होतं, म्हणून उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली कडक वाळवा. रंग गडद येतो, पांढऱ्या कपड्यावर फवारू नका.

सोनचाफा मी घालतो, पण चिमटीने. त्याच्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये, म्हणजे द्रावकाने काढलेल्या दाट अर्कात, चहाचा, थोडा जर्दाळूसारखा पदर असतो, तो आंब्याच्या लॅक्टोनशी हातमिळवणी करतो. जास्त झाला तर देवघर होतं. केवडाही थेंबाच्या दहाव्या हिश्श्याने चालेल, आणि त्यामागे एक सुंदर कारण आहे. लाखेच्या कातीव कामात, उदाहरणार्थ कर्नाटकातल्या चन्नपट्टणला, सांगाड्यावर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणतात. पानाला कणसासारखा वास नसतो, तरी लाखेच्या खेळण्याशी केवड्याचं नातं हे असं जुनं आहे. केवड्याच्या तेलातला मुख्य घटक फिनाइलइथाइल मिथाइल ईथर. त्याचं 1 टक्का द्रावण करून एक-दोन थेंब. याहून जास्त घातलं तर मिठाईचं दुकान होईल.

बोंडूबद्दल थोडं. कोकणातली माणसं आंब्याचं कौतुक करतात आणि बोंडू कुंपणाशी टाकून देतात, याचं मला वाईट वाटतं. अत्तराच्या दृष्टीने बोंडू आंब्यापेक्षा गुणी. पिकलेला बोंडू चिरल्याबरोबर एक तीक्ष्ण, फसफसता वास नाकात घुसतो आणि मागोमाग जिभेच्या मुळाशी तुरटपणा जाणवतो, न खाताच. त्याच्या सुगंधात इथाइल आयसोव्हॅलरेटसारखी एस्टरं आहेत, सफरचंद-अननसाच्या जातीची. तुरटपणा हा वास नव्हे, पण लाकूड, हिरवी पानं आणि लिंबाची साल यांच्या सोबतीने तो भास तयार करता येतो. हा तुरट भास गोडव्याला आवरतो. लहान मुलांचं चॉकलेट आणि मोठ्या माणसाने लावायचं अत्तर यांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

कोकण म्हटलं की समुद्र हवाच, म्हणून कॅलोन घालायचा मोह होईल. फायझरच्या प्रयोगशाळेत 1966 साली सापडलेलं हे द्रव्य खाऱ्या वाऱ्याची झुळूक देतं, पण त्याला कलिंगडाची ओढ आहे. टोपलीत नसलेलं फळ त्यात शिरेल. नकोच.

वजनं सांगतो. थेंब मोजू नका, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. 10 ग्रॅम कंपाउंडसाठी मी अशी सुरुवात करीन. लाकूड आणि अंग 4.5 ग्रॅम: आयसो ई सुपर 1.8, व्हर्जिनिया सीडर 0.7, चंदनासारखं एखादं कृत्रिम द्रव्य 0.5, इथिलीन ब्रासिलेट मस्क 1.2, आणि बेंझोइन, म्हणजे एक प्रकारची ऊदासारखी राळ, 50 टक्के द्रावणात 0.3. ही राळ तुमच्या लाखेची जागा घेईल. फुलं 3.5 ग्रॅम: हेडिओन 2.0, फिनाइलइथाइल अल्कोहोल 0.5, लिनालूल 0.4, बेंझाइल अ‍ॅसिटेट 0.3, बीटा-आयोनोन 0.2, सोनचाफा अ‍ॅब्सोल्यूटचं 10 टक्के द्रावण 0.1. वरचा उघडा, हिरवा भाग 1.2 ग्रॅम: बर्गामोट (लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल) 0.8, लिंबू 0.3, सिस-3-हेक्झेनिल अ‍ॅसिटेट 10 टक्के द्रावणात 0.1. आणि फळं सगळी मिळून 0.8 ग्रॅम: गॅमा-डेकालॅक्टोन 0.3, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट 0.2, ऑसिमीन 0.2, ही तिन्ही 10 टक्के द्रावणात, आणि इथाइल आयसोव्हॅलरेट 1 टक्का द्रावणात 0.1. द्रावक वगळला तर 10 ग्रॅममध्ये शुद्ध फळ 0.1 ग्रॅमसुद्धा भरत नाही. आकडा बघून धीर सोडू नका, पट्टीवर घेऊन बघा. फळ दिसतंच, फक्त चिकटत नाही.

बेंझाइल अ‍ॅसिटेटच्या 0.3 वर मी बराच वेळ घालवलाय. 0.2 ला केळं लवकर पडतं आणि फूल उशिरा येतं, मध्ये एक खड्डा राहतो. 0.5 ला नेलपॉलिश वरचढ होतं. तुमच्याकडचा माल वेगळा असेल, तेव्हा याच एका आकड्याशी खेळा. बाकीच्यांना पहिल्या पाच खेपा हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत तारीख टाकायची, आणि पट्टीवर नंबर लिहायचा. अर्धी माणसं ही वही न ठेवल्यामुळे हरतात.

या 10 ग्रॅमला 57 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे साधारण 15 टक्के. त्यातले 10 ग्रॅम तुमच्या सुरंगीच्या टिंक्चरचे घ्या. तीन आठवडे अंधारात मुरू द्या. आधी उघडून निकाल लावू नका, ताज्या मिश्रणात अल्कोहोलच नाकाला मारतं. अल्कोहोलची परवानगी आणि वाहतूक झेपणार नसेल तर हेच कंपाउंड तेलाच्या बेसमध्ये करा, पण मग आयसोअमाइल अ‍ॅसिटेट आणि बर्गामोट लवकर दबतात आणि भिंगरी हळू फिरते. मला अल्कोहोलमधलं जास्त आवडतं.

अंगावर लावून बघायचं ते आपल्या हवेत. वातानुकूलित खोलीत केलेली चाचणी कोकणात फसवते. दमट हवेत वास फुगतो आणि घामट त्वचेवर गोड बाजू आधी वर येते. मी प्रत्येक मिश्रण एकदा मे महिन्यात दुपारच्या उन्हात आणि एकदा जुलैच्या पावसात लावून फिरतो. मे महिन्यात जे छान वाटतं ते जुलैत कधीकधी सहन होत नाही. तसं झालं तर आधी लॅक्टोन कमी करा, मस्क नव्हे.

रंगाबद्दल माझा एक अनुभव ऐकून ठेवा. फार वर्षांपूर्वी जांभूळ-करवंदाचा भास आणायला मी मिथाइल अँथ्रानिलेट घेतलं, द्राक्षासारखा त्याचा वास, आणि त्याच मिश्रणात व्हॅनिलिन. पट्टीवर मिश्रण सुरेख होतं. एका गिऱ्हाइकाला चाळीस बाटल्या दिल्या. तीन आठवड्यांत फिकट सोनेरी द्रव कोऱ्या चहासारखा काळपट झाला आणि वासही बुजला. अँथ्रानिलेट आणि व्हॅनिलिनसारखं अल्डिहाइड एकत्र आले की त्यांची जोडी जमून वेगळंच, गडद रंगाचं संयुग तयार होतं, ज्याला शिफ बेस म्हणतात. हे मला पाठ होतं, तरी फळाच्या नादात लक्षातून निसटलं. सगळ्या बाटल्या परत घेतल्या. तेव्हापासून कुठलंही नवं मिश्रण महिनाभर खिडकीत आणि महिनाभर कपाटात ठेवून, दोन्ही शेजारी धरून बघितल्याशिवाय मी बाहेर काढत नाही. व्हॅनिलिन आणि इथाइल माल्टॉल लोखंडाच्या संपर्कातही रंग बदलतात, म्हणून ढवळायला काचेची कांडीच घ्या.

विक्रीच्या बाजूचं मोजकंच सांगतो. अत्तर हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. विकायला बनवायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार उत्पादनाचा परवाना लागतो. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आधी जाऊन या, बाटल्या छापून झाल्यावर नको. कच्चा माल देणाऱ्याकडून प्रत्येक द्रव्याचं सुरक्षापत्रक आणि ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय सुगंध-संघटनेने घातलेली मर्यादा लेखी घ्या. जुन्या वह्यांतून सूत्रं उतरवू नका. फुलांच्या अत्तरांत सर्रास असायचं ते लिलियल युरोपने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. बर्गामोट घेताना बर्गाप्टेन काढलेलं मागा, नाहीतर उन्हात त्वचा काळवंडते. अननसासाठी पुढे कधी अ‍ॅलिल एस्टर वापरलंत, तर त्यात मोकळं अ‍ॅलिल अल्कोहोल 0.1 टक्क्याच्या खाली असल्याची खात्री करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की प्रत्येक बाटलीबरोबर हेच अत्तर लावलेलं एक लाकडी फळ द्यावं. हे कृपा करून करू नका. खेळणं घरात आलं की लहान मुलाच्या तोंडात जातंच. युरोपने 2009 च्या खेळणी-सुरक्षा निर्देशात 55 सुगंधी द्रव्यं खेळण्यांत बंद केली, ती अ‍ॅलर्जीच्या भीतीने. फळ द्यायचं तर कोरं द्या. खेळण्याला स्वतःचा वास असतोच आणि माणसं तो ओळखतात. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 2018 साली अमेरिकेत ‘प्ले-डो’ या मुलांच्या खेळायच्या मातीच्या वासाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली, तो गव्हाच्या खारट कणकेचा नि व्हॅनिलाचा वास इतका लोकांच्या डोक्यात बसलेला आहे. आपल्या चितारआळीच्या फळाचा वास कुणी नोंदवलेला नाही, पण सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत माळ्यावर तो आहे. त्याला मोगऱ्याने झाकू नका.

बाटलीला मात्र सावंतवाडीच्या कारागिराकडून कातून घेतलेलं लाकडी बूच लावा, ही कल्पना उत्तम आहे आणि चार पैसे तिकडेही जातील. बूच लाखेचं करून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात. तोंडाशी ओघळलेला एक थेंब बुचाचा रंग उतरवेल, ग्राहकाच्या बोटांना लागेल आणि बाटलीत गेला तर अत्तरही बिघडेल. म्हणून फवारणीचा पंप दाबून बसवलेली बाटली घ्या, लाकडी बूच त्यावर नुसतं टोपीसारखं बसू दे, आणि बुचाच्या आतल्या पोकळीला प्लास्टिकची टोपी चिकटवून घ्या. आतलं लाकूड कोरंच ठेवायला सांगा, रंग फक्त बाहेरून. पहिली पाच बुचं आली की त्यांच्यावर मुद्दाम अत्तर ओघळू देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या रुमालाने पुसून बघा.

सुरंगीचा हंगाम मार्चपासून. कळ्या वाळवायच्या तर ओळखीच्या झाडवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, नंतर माल व्यापाऱ्याकडे जातो.